न बोलणारी भुतं

नोंग एल्पिदियो,

तुम्हाला भुताच्या गोष्टी शोधून देता देता माझे डोळे जायची वेळ आली, हे आधी सांगून टाकते. कॉलेजच्या ग्रंथालयात उभी हयात काढली, पण तुमच्याइतका हट्टी वाचक भेटला नाही.

आपल्या इलोइलो शहरात भुताच्या गोष्टी लोक ऐकतात. रेडिओवर लागतात, मोबाइलवर कुणीतरी घोगऱ्या आवाजात सांगत असतं. तुम्हाला त्याचा काय उपयोग? गिमारास बेटाच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करून दोन्ही कान गेलेले. तुमची बायको सोसिंग वारल्यावर तुम्ही फोन घेऊन माझ्या व्हरांड्यात आलात आणि अख्ख्या गल्लीला कळेल अशा आवाजात विचारलंत, "इंदाय, यात वाचायच्या भुताच्या गोष्टी कुठे असतात?" सत्तरी ओलांडलेल्या बाईला पोरीसारखं इंदाय म्हणणारे तुम्ही एकटेच उरला होतात. घेतलं आत.

मग रोज दुपारी माझं टेबल, माझी कॉफी आणि तुमचं बोट ओळीखाली. लोक आपापल्या गोष्टी फुकट लिहून टाकतात अशा जागा मी तुम्हाला काढून दिल्या. नर्सा लिहितात, टॅक्सीवाले लिहितात, वसतिगृहातल्या मुली तर रडून रडून लिहितात. तुम्हाला एकही पसंत पडेना. भूत बोलायला लागलं की फोन माझ्याकडे सरकवायचात. "ही नको. न बोलणारी शोध." मला वाटलं, म्हाताऱ्याला चव नाही. 'मुकं भूत' लिहून शोधावं, तर समोर बाहुल्यांची दुकानं. तरी शोधली. उशीवर खळगा पाडणारं, फरशीवर ओली पावलं उमटवणारं, नुसताच कापराचा वास सोडणारं. ती मात्र तुम्ही दोन-दोनदा वाचायचात.

एकदा एक गोष्ट निघाली. मयताच्या जागरणाहून एक माणूस पगपग न करताच घरी येतो. वाटेत कुठेच टेकत नाही, त्यामुळे मागे लागलेलं झटकलं जात नाही आणि मेलेली बायको त्याच्या मागोमाग घरात येते. तो पाद्र्याला बोलावतो. तुम्ही फोन पालथा टाकलात. "एवढं चालून आली बिचारी, आणि हाकलली? गाढव." मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

मग सांगितलंत. सोसिंगच्या जागरणाहून निघताना सगळे समोरच्या दुकानात बाचॉयच्या गरम शेवया खायला शिरले. तुम्ही मुद्दाम थेट घरी आलात आणि कडी न लावता बसलात. आम्हाला वाटलं होतं, दुःखात विसरलात.

"आली असेल, इंदाय," तुम्ही पहिल्यांदाच हळू आवाजात बोललात. "ती फाटकातून आधी हाक मारायची. मला ऐकूच आली नसेल तर?"

मी ओरडून म्हटलं, तुम्ही बहिरे आहात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? खांदा धरून हलवलं असतं तिने.

"शिवत नाहीत भुतं कुणाला. सगळ्या वाचल्यात मी."

मी पुढची गोष्ट शोधायला घेतली.

कॉफी संपवून तुम्हीच तोडगा काढलात. "मी आधी गेलो, तर तिला विचारून येतो, हाक मारली होतीस का म्हणून. तू फक्त माझ्या जागरणाहून सरळ घरी ये. तुझे कान चांगले आहेत. बाचॉयच्या वासाला भुलू नकोस."

मी म्हटलं, गुमान उठा आता.

तुमच्या जागरणाला तुमची लेक मेर्लिंडा कॅनडाहून आली होती. सगळं नीट केलं पोरीने. निघताना माझा दंड धरून म्हणाली, "मावशी, थेट जाऊ नका, दोन घास खाऊन जा." डॉक्टरांनी चरबी बंद केलीय, असं मी सांगितलं आणि ट्रायसिकल रिक्षा थेट माझ्या फाटकाशी उभी करवली. फाटक उघडंच ठेवलं. पंखाही लावला नाही, उगाच घरघरतो.

कान अजून शाबूत आहेत. पाल चुकचुकते ते ऐकू येतं, पलीकडच्या घरातला चमचा ऐकू येतो. दुपारी सवयीने शोधत बसते. परवा एक चांगली सापडली. त्यातली बाई काही बोलत नाही, नुसता पाण्याचा माठ भरून ठेवते. तुमच्यासाठी बाजूला काढली आहे.

सोसिंगला काय विचारायचं, ते ठरलं होतं. सांगायला मात्र तुम्ही आला नाहीत.