पाचव्या भागानंतर

पाचव्या भागाचं शेवटचं पान वाचून मी पुस्तक मिटलं, तेव्हा बाबांनी विचारलं, "मंग?"

"मंग काही नाई, बाबा. संपलं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते संपवलं होतं. मग भिंतीकडे तोंड केलं. त्या दुपारपासून ते बोलेनासे झाले.

हे किती भयंकर होतं ते कळायला थोडं मागे जावं लागेल. गेल्या वर्षी बाबांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी चित्रांचे पत्ते दिले आणि रोज हे दाखवून बोलतं करा म्हणून सांगितलं. जन्मभर बैलांच्या बाजारात दात पाहून सौदे केलेल्या माणसाला मी बकरीचं चित्र दाखवून "हे काय हाय?" म्हणून विचारत होते. त्यांनी डाव्या हातानं पत्ते खाली लोटून दिले. मला ते पटलं. मीही लोटले असते.

मी वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या शाळेत शिकवते. दुपारच्या एसटीनं मेडशीला घरी येते. तेव्हा मी एक अद्भुत कादंबऱ्यांची मालिका वाचत होते. एका दुष्ट प्रधानानं देशातल्या पाच नद्या कैद करून ठेवलेल्या असतात आणि एक मेंढपाळ पोरगी प्रत्येक भागात एक नदी सोडवते. घरातल्या शांततेचा मला इतका राग आला होता, की एके दिवशी बाबांच्या खाटेशी बसून मी ते पुस्तक मोठ्यानं वाचायला लागले. त्यांच्यासाठी म्हणून नव्हे, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. एक परिच्छेद झाला आणि खाटेवरून आलं, "हूं."

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. ऐकणारा हूं म्हणाला नाही, तर गोष्ट पुढे जात नाही. लहानपणी बाबा शेतातून येताना बैलगाडीत मला सोन्याच्या शिंगाच्या रोह्याची, म्हणजे नीलगाईच्या नराची, गोष्ट सांगायचे. माझा हूं चुकला की कासरा ओढून बैल उभे करायचे. मागच्या गाड्या खोळंबायच्या, लोक ओरडायचे, पण हुंकाराशिवाय आमची गाडी हलायची नाही. ती गोष्ट कधी संपली नाही, कारण शेवट यायच्या आत गाव यायचं. पुढे ट्रॅक्टर आला, बैल विकले. ट्रॅक्टरवर कसली गोष्ट ऐकू येते? रोही तसाच वाटेत राहिला.

तर तो हूं ऐकून मी पुढचं पान वाचलं, मग त्याच्या पुढचं. पहिल्या भागात नुसते हुंकार आले. दुसऱ्या भागात प्रधानानं पोरीच्या मेंढ्या पळवल्या, तेव्हा बाबा स्पष्ट म्हणाले, "हरामखोर." झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द. आई चुलीजवळून धावत आली आणि देवापुढे साखर ठेवली. एरवी ती कुरकुरायची, "पोथी वाच म्हनलं तं राक्षसं वाचून राह्यली." त्या दिवसापासून तिनं राक्षसांना माफ केलं. तिसऱ्या भागापासून बाबा "मंग?" विचारायला लागले. चौथ्यात एकदा "पानी आलं?" असं अख्खं वाक्य बोलले. नदी सुटली तर खालच्या शिवाराला पाणी पोचलं का, ही त्यांची खरी काळजी होती.

आणि मग पाचवा भाग संपला.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "नवे आलेले शब्द वापरले नाहीत तर पुन्हा जातील. त्यांना काहीतरी ऐकायला द्या, आणि उशीर करू नका."

मी वाचणाऱ्यांच्या एका गटावर विचारलं, की ही मालिका संपली, आता कोणती घेऊ? सगळ्यांनी आपापली आवडती मालिका अशी पुढे केली, जणू स्थळ सुचवत होते. एका बाईंनी लिहिलं, घाई करू नका, आधीच्या मालिकेच्या दुःखातून बाहेर या, थोडे दिवस जाऊ द्या. मी मोबाईल गादीवर आपटला. थोडे दिवसच तर माझ्याकडे नव्हते.

वाशिमच्या वाचनालयातून एक मालिका आणली. सुरुवातीलाच नकाशा, आणि पहिल्या पानावर इतकी राजघराणी की माझीच वाट चुकली. बाबा छताकडे पाहत होते. दुसरी पार्सलनं मागवली. तिच्यातला राक्षस फारच गोड बोलायचा. त्याला शिवी द्यायची सोयच नव्हती. तिसरी मला स्वतःला फार आवडली, पण चौकशी केली तर तिचा शेवटचा भाग लेखकानं अजून लिहिलेलाच नव्हता. वाचक कित्येक वर्षं वाट पाहत होते. बाबा "मंग?" म्हणतील आणि मी काय सांगू, लेखक लिहून राह्यला म्हणून? मी ती पिशवीत परत घातली आणि त्या लेखकाला मनातल्या मनात प्रधानाच्या रांगेत बसवलं.

चौथी मोबाईलवर ऐकवली. आवाज गोड होता, पण तो हुंकारासाठी थांबत नव्हता. आपला बोलत सुटला होता. बाबांनी चादर डोक्यावर ओढली.

आता मला भीती वाटायला लागली होती. पाणी हवं असलं की ते पूर्वी "पानी" म्हणायचे, आता नुसतं तांब्याकडे बोट करायला लागले. मी मुद्दाम न कळल्यासारखं केलं, तर त्यांनी बोट खाली घेतलं आणि तसेच तहानलेले पडून राहिले. शेवटी आईनं पाणी पाजलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "काहून छळून राह्यली त्याह्यले?" मी परसात जाऊन रडले.

त्या शनिवारी पाचवी मालिका उघडली. वाचत गेले. हूं नाही. आवाज चढवला. हूं नाही. आमच्या रीतीनं मी थांबायला हवं होतं, पण थांबले की ती शांतता अंगावर यायची, म्हणून मी वाचतच सुटले, मोबाईलसारखी. लढाई झाली, राजा मेला, कोण जिंकलं ते मलाच कळलं नाही. एका वाक्याच्या अर्ध्यात माझा आवाज फुटला. मी पुस्तक खाली ठेवलं.

"बोला ना, बाबा," मी म्हटलं. "शिवी द्या, पन बोला. माह्याजवळ आता दुसरं पुस्तक नाई."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी अंगणात तूर झोडपत होतं. बाबांच्या तोंडाची डावी बाजू हलली, काही आलं नाही. पुन्हा हलली.

"रो," ते म्हणाले. मग कपाळाला घाम येईपर्यंत जोर लावून, "रोही."

मी खाटेच्या आणखी जवळ सरकले.

"रोही... नदीवर... आला."

आणि थांबले. मला वाटलं, शब्द संपले. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकून सोडवला आणि माझ्याकडे रागानं पाहिलं. गाडी उभी करून मागे वळून पाहायचे, तोच राग. डाव्या हाताची मूठ वळलेली होती आणि ती त्यांनी छातीशी ओढून धरली होती, कासरा धरावा तशी.

मग माझ्या लक्षात आलं.

"हूं," मी म्हटलं.

मूठ सैल झाली. पुढचा शब्द यायला खूप वेळ लागला. मी थांबले.