होडीची ट्रायल

टेलरमास्तरांनी उभ्या आयुष्यात तयार कपडा विकत घेतला नव्हता. त्यामुळे तयार होडी घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात आपसूक गळ्यातल्या टेपकडे गेला.

होडी मासे पकडायला हवी आहे, असं ते सगळ्यांना सांगत. ते तळ्याच्या काठावर गळ टाकून बसायचे आणि मासे नेमके गळ पोचणार नाही तिथे उड्या मारायचे, हे खरंच होतं. पण मूळ कारण घरात होतं. लग्न झाल्यापासून मास्तर आणि त्यांची बायको एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत आले होते. मास्तर मशीनवर, आणि जिला सगळा रस्ता काकू म्हणे ती बायको खिडकीशी, काजं-बटणं करत. आता दुकान आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवायचं ठरलं होतं. त्या दोन दिवसांत तरी ती समोर बसावी, एवढंच मास्तरांच्या मनात होतं. हे तोंडाने बोलण्यापेक्षा होडी घेणं त्यांना सोपं वाटलं.

काकूंना पाण्याची भीती. "येशील ना?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "डुलली नाही तर बघू." संसारात 'बघू'चा अर्थ काय होतो हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. तरीही 'नाही' म्हटलं नाही ना, एवढ्या आधारावर त्यांनी कंबर कसली.

सल्ल्याला मेहुणे होतेच. त्यांनी स्वतः कधी होडी घेतली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत पक्कं होतं. "दाजी, घ्यायची तर अ‍ॅल्युमिनियमची. गंजत नाही, हलकी असते. आणि बूड टोकदार बघा, लाटा कापत जाते." तळ्यात लाटा कुठून येणार, हे विचारायचं मास्तरांना सुचलं नाही.

होडीवाल्याच्या आवारात लाकडी घोड्यांवर दोन होड्या दोरांनी बांधून ठेवल्या होत्या. एक टोकदार बुडाची, नाकीडोळी नीटस. तिचे पत्रे रिव्हेटच्या ओळींनी जोडलेले. मास्तरांनी ओळीवरून बोट फिरवलं.

"बखिया सुरेख आहे."

"मास्तर, रिव्हेट आहेत ते."

"तेच म्हणतोय. एक निघाला तर एकच घालता येतो."

दुसरी होडी सपाट बुडाची, ऐसपैस, आंघोळीच्या टबाची थोरली बहीण शोभेल अशी. तिचे सांधे वेल्डिंगचे. टाका दिसत नाही त्या शिवणीवर मास्तरांचा विश्वास नव्हता. ते टोकदार होडीत चढले, टेप लावून लांबी-रुंदी घेतली, फळीवर बसले आणि डावीउजवीकडे झुकून पाहिलं.

"अगं, जरासुद्धा डुलत नाही! ठरलं, हीच."

बाकावर बसलेल्या काकूंनी आधी होडीकडे, मग दोरांकडे पाहिलं. "अहो, गिऱ्हाईक कपडा घालून आरशासमोर उभं राहिल्याशिवाय तुम्ही शेवटची शिलाई मारता का?"

"छे! ट्रायलशिवाय कशी मारेन?"

"मग हिला अजून पाणी कुठे दाखवलंय?"

मास्तर खाली उतरले.

"काकू, पाण्यात घालून दाखवायची पद्धत नाही आमच्याकडे," होडीवाला म्हणाला.

"आमच्याकडे तशी घ्यायची पद्धत नाही."

तळं समोरच होतं, त्यामुळे होडीवाल्याने बांधलेले दोर काढले. टोकदार होडी पाण्यात सोडली. काकूंनी चपला काढून एक पाय आत ठेवला, तशी होडी एवढी कलली की जणू पाहुण्यांना जागा द्यायला उठतेय. काकूंनी पाय मागे घेतला आणि चपला पुन्हा घातल्या.

"छान आहे होडी. तुम्ही जात जा."

'बघू' परवडलं होतं. 'जात जा'पुढे काही उरत नाही.

"एका जागी जरा नाचते," होडीवाला म्हणाला. "होते सवय."

"ती दुसरी आणा," मास्तर म्हणाले.

"पण तिला बखिया नाही, मास्तर."

"नसू दे!" टाक्याच्या बाबतीत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता.

सपाट होडी आली. काकूंच्या चपला पुन्हा निघाल्या. एक पाय. होडी किंचित दबली आणि थांबली. दुसरा पाय. काकू होडीच्या दोन्ही कडा गच्च धरून बसल्या. मास्तरांनी काठावर दोर इतका घट्ट धरला होता की बुडण्याची भीती त्यांनाच असावी. थोड्या वेळाने काकूंनी एक हात सोडला. मग मघाशी मास्तर झुकले होते तशाच त्या डावीउजवीकडे झुकल्या.

"डुलते."

मास्तरांचा चेहरा पडला.

"पण लगेच ताळ्यावर येते." काकूंनी फळीवर थाप मारली. "हे मेलं गार लागतं बसायला. गादी शिवा."

मास्तरांनी लगबगीने टेप काढली. "एक ना?"

"दोन. एक इथे, एक या समोरच्या फळीवर. का तुम्ही उभ्याने मासे पकडणार आहात?"

मास्तर दोर होडीवाल्याच्या हाती देऊन होडीत उतरले. आधी काकूंच्या फळीचं माप घेतलं, मग समोरच्या फळीचं, आणि मग पुन्हा एकदा समोरच्या फळीचं.

"गाद्या तयार मिळतात की आमच्याकडे," होडीवाला उत्साहाने म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे एकदमच वळून पाहिलं. त्याने लगेच हातातला दोर सोडला.