बिडीची सुट्टी

बिडी माणसाला खाते, असं मी सांगत होते तेव्हा एकानंही खरं मानलं नाही. चौथी शिकलेल्या चहावालीचं कोण ऐकतं? पण रांजणगावात कंपनीच्या गेटसमोर टपरी चालवायची म्हणजे असले किस्से साचतच जातात, बाकड्याखाली थोटकं साचतात तसे.

माझा धाकटा भाऊ दत्ता त्याच कंपनीत. सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं. पण तिथं सुपरवायझर बिडी ओढणाऱ्यालाच मधे बाहेर सोडायचा. न ओढणारा मशीनवर उभा. "सुमनताई, पाय लई दुखत्यात," म्हणाला आणि नुसती पेटवून हातात धरायला लागला. मी म्हटलं, "हातातली तोंडात जायला किती वेळ लागतो?" तो हसला. दिवाळीपर्यंत खिशात बंडल आलं.

त्याच्या शिफ्टमधला अल्ताफ पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे पळायचा, उकडलेली अंडी खायचा, आणि घाम पुसत सिगारेट पेटवायचा. "मावशी, पळल्यावर समदं निघून जातं." भरतीच्या दिवशी निम्म्या मैदानातच छाती धरून खाली बसला. परत आल्यावर म्हणाला, बूट बदलायला पाहिजेत.

गेटवरचे वॉचमन रंगाआप्पा संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पाण्यावर राहायचे. बिडी मात्र चालू. मी विचारलं, आप्पा, उपासाला चालते का? "धूर हाय, अन्न न्हाई," म्हणाले.

मग दत्ताला खोकला लागला. कुणी म्हणे हायवेची धूळ, कुणी म्हणे माझ्याच वड्यांच्या तेलाचा धूर. त्याची बायको मंगल काढा करून द्यायची; हा तो पिऊन दारात जाऊन पेटवायचा. थुंकीत रक्त दिसलं त्या दिवशी मी सगळ्या गेटसमोर त्याच्या खिशातलं बंडल काढून शेगडीत घातलं. त्यानंतर त्यानं बिडीला हात लावला नाही, एवढं खरं. पण डॉक्टर म्हणाले, आता उशीर झालाय. पावसाळा काही त्यानं बघितला नाही.

दहाव्याला घोड नदीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. मंगलनं पोरींना शिकवीन म्हणून शब्द दिला, मी तिला अंतर देणार नाही म्हणाले, तरी नाही. शेवटी रंगाआप्पा उठले. खिशातली बिडी पेटवून पिंडापाशी ठेवली आणि मागं सरले.

कावळा आला.

"बघा," आमचे चुलते म्हणाले, "बिडीतच जीव हुता त्याचा. वढत हुता तवर हिंडत-फिरत हुता. सुटली आन् खाटंला लागला. सोडायला लावली कुणी?"

मंगलनं पदर डोळ्यांना लावला.

"सुमनताईंनी."