गव्हाणीतला दिवा

आई मंगळवारी गेली. सकाळी चहा झाला, दुपारी ती उठली नाही.

आम्ही तेव्हा अंधेरीच्या गावठाणात, चर्चच्या फादरांच्या बंगल्याला लागून असलेल्या तबेल्यात राहत होतो. वडील चर्चच्या शाळेत शिकवत, म्हणून ती जागा मिळाली होती. घोडे केव्हाच गेले होते. भिंती जाड विटांच्या, गिलावा नसलेल्या. दारांवर कमानी. घोड्यांना हवा लागावी म्हणून बांधणाऱ्याने जमिनीलगत आणि छपराखाली मधली एकेक वीट गाळून झरोके ठेवले होते. खालून गार वारा यायचा, वरून उष्मा निघून जायचा. आईला या घरात पंखा लागत नसे.

ती गेली त्या जागी आत्याने पीठ पसरून दिवा ठेवला, वात दक्षिणेकडे. तेराव्यापर्यंत तो विझू द्यायचा नाही, म्हणाली. तो सारखा विझत होता. वडिलांनी झरोक्यांत चिंध्या कोंबल्या, तरी वारा कुठून तरी यायचाच. विझला की ते पुन्हा लावायचे. दुसरं काही करत नव्हते, जेवतही नव्हते. मी पुस्तक उघडून बसलो होतो. पान तेच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फादर भेटायला आले. थोडा वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातल्या दगडी गव्हाणीकडे बोट केलं. ती कमरेइतक्या उंचीवर भिंतीत बसवलेली होती. चारा उडू नये म्हणून त्या कोपऱ्यात झरोके ठेवलेच नव्हते. आम्ही तिच्यात भांडी ठेवत असू.

आत्या म्हणाली, "माणसाचा दिवा घोड्याच्या ताटात? तोही तिची जागा सोडून?"

"बाई, आमचा देव जन्मला तेव्हा त्याला गव्हाणीतच ठेवलं होतं."

"तुमचा जन्मला हो. आमची गेलीय."

वडील उठले. त्यांनी भांडी काढली, जमिनीवरचं पीठ दोन्ही हातांनी गोळा केलं आणि गव्हाणीत पसरलं. थोडं पीठ वाटेत सांडलं.

"तिची जागा मी तिकडे नेतो," ते म्हणाले.

आत्याने दिवा उचलून त्यावर ठेवला. तो तेराव्यापर्यंत तेवत राहिला. त्यानंतर वडिलांनी झरोक्यांतल्या चिंध्या ओढून काढल्या. घरात पुन्हा वारा खेळू लागला. आम्हाला तो जाणवला असेल. मला आठवत नाही.

पुढे तबेला पाडला. त्या जागी आता सभागृह आहे. फादरांच्या बंगल्याची तबेल्याला लागून असलेली मागची भिंत तेवढी विटांची राहिली आहे.