रुमाल हलवू नये

सिंदी स्टेशनपासून कोसभरावर माझ्या मित्राचं गाव. तिथं चार दिवस पाहुणचार झोडून मी सकाळीच निघालो. दुपारी नागपुरात मुलाखत होती. वर्षभर घरी बसून काढल्यावर ही मास्तरकीही हुकली, तर पुण्यात वडिलांना तोंड दाखवायची सोय नव्हती.

मित्राच्या आईनं सांबारवडीचा (आपली कोथिंबीरवडी) डबा हातात दिला. दारात दमणी (हलकी बैलगाडी) उभी होती. हाकणारे गणपतकाका सत्तरीचे.

"गाडी चुकणार नाही ना?" मी चौथ्यांदा विचारलं.

"नाई चुकत जी. फक्त घट्ट धरून बसजा."

आम्ही शहरातली माणसं निरोप घेतो तो रुमाल हलवून. मीही पांढराशुभ्र रुमाल काढून झोकात हलवला. त्यासरशी बैलांनी शेपट्या वर केल्या आणि दमणी उधळली.

"रुमाल काऊन हालवला जी?" काका ओरडले. "शंकरपटातले (शर्यतीतले) बैल हायेत हे! झेंडी हालली का पयतेत!"

"मग थांबवा!"

"मायं कोन आयकते? पट सरला का थांबतीन!"

दोन्ही बाजूंनी कपाशी सपासप मागं जात होती. नाल्यात उतरताना डबा उघडला आणि वड्या माझ्या मुलाखतीच्या कोटावर आल्या. मी दोन्ही हातांनी दांडी धरली. मारुतीचं स्तोत्र सुरू केलं, ते पहिल्याच ओळीला अडकलं. काका मात्र मिशीत हसत होते.

दोन फर्लांगांवर बैल आपणहून थांबले आणि ढेपेची (सरकीच्या पेंडीची) वाट पाहू लागले. पट संपला की ढेप मिळायची, ही त्यांची सवय. काकांनी चुचकारलं, शेपटी पिरगाळली, पण ते ढिम्म हलेनात. असा बराच वेळ गेला.

"आता गाडी चुकते जी," काका हळूच म्हणाले.

मी खिशाकडे पाहिलं. जीव नको म्हणत होता, नोकरी हो म्हणत होती. डोळे मिटले आणि रुमाल मीच हलवला. स्टेशन येईपर्यंत आणखी पाचदा हलवला.

आगगाडी मिळाली. खिडकीतून काकांना शहाण्यासारखे हात जोडले, रुमाल खिशातच ठेवला. ते कुंपणापलीकडे दमणीवर बसून हसत होते. तेवढ्यात मागच्या डब्यातून गार्डानं हिरवी झेंडी हलवली.

"आता कोनं हालवला जी!" धुरळ्यातून काकांची हाक आली.

ती नोकरी मला लागली. निरोप मात्र मी तेव्हापासून हात जोडूनच घेतो, तोही आधी आजूबाजूला बैल आहेत का ते पाहून.