डाव्या पायाचं हाड

समजा, तुमच्या पुढ्यात तांब्याची परात आहे. शेजारी कोमट पाणी, लाल वाइन आणि धुतलेला पांढरा पंचा. पाच वर्षांपूर्वी पुरलेलं माणूस आज वर काढलंय आणि त्याची हाडं तुम्हाला धुवायची आहेत. आधी कवटी, कारण घरचे सगळे तिला ओठ लावणार. मग हात, बरगड्या आणि सगळ्यात शेवटी पाय. हाडं मेणासारखी पिवळी निघाली तर माणूस सुटला म्हणायचं. काळी निघाली तर जमलेल्या बायका गप्प होतात. धुऊन झाली की वाइनने पुसायची, उन्हात वाळवायची आणि नाव लिहिलेल्या पेटीत भरून चर्चमागच्या खोलीत फळीवर ठेवायची.

आमच्या मेलिसोरेमात, ग्रीसच्या या डोंगरी गावात, हे काम बावन्न वर्षं एवांथियाआत्याने केलं. ती माझ्या वडिलांची आत्या, पण गावात उरलेली एकोणीस माणसंही तिला आत्याच म्हणतात. हे काम कुणी मागून घेत नाही. तिने तिसाव्या वर्षी मागून घेतलं. विधवा बाई, दुःखाने डोकं फिरलं असेल, असं लोक तेव्हा म्हणाले. कॉफीच्या दुकानातला झिसिसकाका अजून तिला चिडवतो, "आत्या, माझी वेळ आली की जरा हळू घास, मला गुदगुल्या होतात." ती म्हणते, "तू आधी जिवंतपणी एकदा अंघोळ कर."

तिचा नवरा सेराफिम एकसष्ट साली फरची झाडं तोडताना खोडाखाली सापडला. अठ्ठावीस वर्षांचा होता. त्रेसष्टच्या जानेवारीत तीन आठवडे पाऊस लागला आणि आमचा अख्खा उतार खाली सरकला. चर्च खडकावर होतं, ते तेवढं जागचं हललं नाही. दफनभूमीचा खालचा भाग मात्र चिखलाबरोबर गेला. वसंतात लोकांनी चिखलातून लाकडी क्रूस वेचून आणले. मृतांचा शनिवार तोंडावर आला होता. त्या दिवशी आपापल्या माणसाच्या थडग्यावर उकडलेले गहू न्यायचे असतात, आणि क्रूसच नसेल तर गहू ठेवायचे कुठे? पाद्रीबाबांनी घाई केली. सगळ्यांनी मिळून अंदाजाने, नीट सरळ दोन ओळींत, क्रूस पुन्हा रोवून टाकले.

सहासष्ट साली सेराफिमच्या क्रूसाखाली खणलं. हाडं पिवळीधमक निघाली. सगळ्यांनी छातीवर क्रूस काढला. आत्या धूत होती. शेवटी डावा पाय हातात आला आणि ती थांबली. लहानपणी सेराफिम खेचरावरून पडला होता. हाडवैद्याने नडगी वाकडीच बसवली, म्हणून चालताना त्याचा डावा पाय बाहेर पडायचा. हातातली नडगी काठीसारखी सरळ होती.

"तेव्हा बोलली का नाहीस?" हे ऐकताना मी तिला विचारलं.

"सासूने कवटी छातीशी धरली होती," आत्या म्हणाली. "तिच्याकडून मुलगा दुसऱ्यांदा काढून घेऊ?"

त्यानंतर गावात कुठलंही थडगं उघडलं की आत्या परात घेऊन पुढे. लोकांना ते पुण्य वाटलं. ती प्रत्येकाची डावी नडगी बघत होती. सत्तर सालापर्यंत दरडीआधीची सगळी थडगी उघडून झाली. प्रत्येक नावाला पेटी मिळाली. वाकडं हाड मिळालं नाही.

हे तिने मला या वसंतात सांगितलं. मी मोजणीदार, दफनभूमीखालच्या रस्त्याला धरून भिंत बांधायची म्हणून मोजणीला आले होते. आत्या खुर्ची टाकून रोज बघत बसायची. एकदा म्हणाली, "मोजणीदारबाई, तुझं हे तीन पायांचं यंत्र डोंगराला विचारतं का, की बाबा तू कुठून कुठे गेलास?"

मी म्हटलं, साधारण तेच विचारतं.

तिने सांगितलं, सेराफिमला अक्रोडाच्या झाडाच्या वर, तीन पावलांवर पुरला होता. ते झाड दरडीत वाहून गेलं असं सगळे समजत. माझ्याकडे लष्कराने साठ साली विमानातून घेतलेला फोटो होता. त्यात अक्रोड चर्चच्या कोपऱ्यापासून बावीस मीटरवर दिसतो. आता रस्त्याच्या खालच्या कडेला, एकसष्ट मीटरवर, एक वाकडा अक्रोड उभा आहे. हा त्या झाडाच्या फळातून नंतर उगवला असेल असंच गाव मानत आलं. मी त्याची साल चाचपली. आत लोखंड लागलं. खेचर बांधायची कडी, खोडाने जवळजवळ गिळलेली. म्हणजे हे तेच जुनं झाड, उतारासकट खाली सरकलेलं.

आत्याला हाताला धरून खाली नेलं. तिने कडीवर बोट फिरवलं. मग वर वळून स्वतःच तीन पावलं टाकली. तिसरं पाऊल डांबरावर पडलं.

मला वाटलं होतं, तिला आनंद होईल. पण उरलेलं तिला सांगणं भाग होतं. एकोणसत्तर साली रस्ता करताना इथला उतार चार मीटर कापला होता. माती यंत्राने ढकलून ओढ्यात टाकली. ती ओढ्याकडे बघत राहिली. पाणी कमी होतं, दगड जास्त.

"म्हणजे मी शोधत होते तेव्हाच तो ओढ्यात गेला," ती म्हणाली.

संध्याकाळी ती चर्चमागच्या खोलीत गेली, मी मागोमाग. सेराफिमचं नाव असलेली पेटी तिने खाली घेतली, वरची धूळ ॲप्रनने पुसली आणि झाकण काढलं. माझी वेळ येईल तेव्हा मला याच पेटीत ठेव, म्हणाली. नवराबायकोची हाडं आपल्याकडे एकत्रच ठेवतात. मी म्हटलं, "आत्या, पण हा तर..."

"सेराफिमबरोबर मी चार वर्षं काढली. याच्यापुढे बावन्न वर्षं दिवा लावलाय."

मग तिने फळीवर नजर फिरवली. त्या काळातल्या तेवीस पेट्या, तेवीस नावं. त्यातल्या कुठल्यातरी पेटीत या सरळ नडगीवाल्याच्या घरच्यांनी आपला समजून दुसऱ्याच कुणाला ठेवलं होतं, आणि त्या काळची बहुतेक घरं कधीच अथेन्सला निघून गेली होती. तिने ती सरळ नडगी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"मग याचं नाव काय गं?"