व्हर्ना आणि सात चिठ्ठीवाले

व्हर्ना लाशान्स अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या आमच्या गावाची ग्रंथपाल. पुस्तक उशिरा परत करणाऱ्याला ती दंड करत नसे; माझ्या किराणा दुकानात, भर गर्दीत विचारायची, "काय रे, अजून अक्षरं जुळवतोयस का?" त्यापेक्षा दंड परवडला असता. कुठलीही गोष्ट चारचौघांत व्हावी, हा तिचा धर्मच होता.

आमच्याकडे मार्चमध्ये सगळं गाव शाळेच्या हॉलमध्ये जमून वर्षाचा खर्च ठरवतं. मतं हात वर करून. मात्र सात जणांनी उभं राहून मागणी केली, तर गुप्त मतदान, चिठ्ठ्यांवर मत लिहून. दगडखाणीच्या ट्रकांसाठी गावाने रस्ता बांधावा, असा ठराव दरवर्षी यायचा. दरवर्षी लायमन क्विम्बी आणि त्याचे सहा म्हातारे दोस्त गुडघे धरत उभे राहायचे, आणि चिठ्ठ्यांमध्ये ठराव पडायचा.

एका वर्षी ते उठायला लागले तशी व्हर्ना म्हणाली, "लायमन, मत देताय की प्रेमपत्र? गावाचा पैसा आहे, उघड बोला की."

हॉल हसला. म्हातारे लाजून बसूनच राहिले. खाणीचा मॅनेजर मागच्या भिंतीला टेकून कॉफी पीत होता. नुसता बघत होता. अर्धं गाव त्याच्याकडे कामाला. हात वर झाले, रस्ता मंजूर झाला.

पुढच्या मार्चपर्यंत रस्ता बांधून झाला आणि ट्रकांनी तो उखडलाही. दुरुस्तीला पैसे हवेत, म्हणून ग्रंथालय बंद करायचा ठराव आला. मॅनेजर त्याच भिंतीपाशी. या खेपेला व्हर्नाच उभी राहिली. "चिठ्ठ्या हव्यात," म्हणाली. कुणी हसलं नाही. लायमन उठला, त्याच्या दोस्तांपैकी तिघंच उठले. मीही उठलो; माझा पगार काही खाणीतून येत नाही. सहा झालो. तिने आपल्या मुलाकडे, ऑल्डनकडे पाहिलं. तो खाणीत क्रेन चालवतो. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

मग हात वर झाले. ऑल्डनचाही. ठराव मंजूर झाला.

दुपारच्या गावजेवणात बीन्स वाढायला नेहमीप्रमाणे व्हर्नाच होती. शेजारी मी पाव वाढत होतो. ऑल्डन ताटली घेऊन आला.

"आई, चिठ्ठी असती तर मी..."

"माहीत आहे रे. म्हणूनच मागत होते." तिने त्याला वाढलं. "शनिवारी पिकअप घेऊन ये. पुस्तकं हलवायची आहेत."

"येतो," तो म्हणाला. मागे रांग खोळंबली होती, तरी तो तिथून हलेना.